फोटो चांगला, तरी भुंगेऱ्याची ओळख पटत नाही : दर पावसाळ्यातली अडचण

जुलैच्या मध्यावर टेकड्या हिरव्या झाल्या की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवरून, तळजाईवरून, सिंहगडाच्या पायवाटेवरून, कुणाच्या गच्चीतल्या कुंडीतून. पानावर बसलेला चार-पाच मिलिमीटरचा भुंगेरा म्हणजे बीटल, रंग सुरेख, फोटो स्वच्छ, आणि खाली एकच ओळ : "याचं नाव सांगा ना." मी फोटो मोठा करून बघतो आणि बहुतेक वेळा मला एवढंच लिहिता येतं की पानभुंगेऱ्यांपैकी आहे, पुढचं सांगता येणार नाही. समोरचा माणूस हिरमुसतो. त्याला वाटतं फोटो वाईट आला, आता महागडी लेन्स घ्यायला हवी.

लेन्स घेण्याआधी हे वाचा. फोटो सुंदर असणं वेगळं आणि त्यात ओळखीच्या खुणा असणं वेगळं. साध्या फोनवर काढलेल्या, थोड्या धूसर पण चार बाजूंच्या फोटोंवरून मी नाव सांगितलेलं आहे, आणि मोठ्या कॅमेऱ्यावर काढलेल्या, भिंतीवर लावण्याजोग्या फोटोपुढे हात टेकलेले आहेत. भुंगेऱ्यांच्या साधारण चार लाख जातींची आजवर नोंद झाली आहे. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढताना अभ्यासक जे पाहतात, ते बऱ्याचदा पोटाखाली, पावलात, मिशीच्या टोकाला असतं. पाठीवरच्या रंगात ते सापडत नाही.

मुळात तो भुंगेरा आहे का?

ही शंका आधी फेडून घ्या. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक कवचासारखे असतात आणि मिटल्यावर पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत भेटतात. ती रेषा दिसली तर पुढे जा. ढेकणांच्या कुळातल्या किड्यांचे पंख एकमेकांवर चढतात, त्यामुळे पाठीवर फुलीसारखा आकार दिसतो आणि मानेमागे एक त्रिकोण असतो. फसवणूक होते ती या त्रिकोणानेच पूर्ण पाठ झाकली असेल तेव्हा. वालाच्या वेलावर हिरवट-तपकिरी, मसुराच्या डाळीएवढे गोल किडे झुंडीने बसलेले दिसतात. लोक त्यांना हमखास भुंगेरे म्हणून पाठवतात. पाठीवर मधली रेषा नाही, तोंडाच्या जागी पोटाखाली दुमडलेली सुईसारखी सोंड आहे, म्हणजे तो ढेकूण. तासभर भुंगेऱ्यांच्या याद्या चाळण्याआधी ही रेषा शोधायला दोन सेकंद लागतात.

वरून काढलेला एकच फोटो

सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. आपण चालताना वरून बघतो, म्हणून फोटोही वरूनच काढतो. पण वरून पाहिलं तर गोल, चकचकीत, ठिपकेदार असे कितीतरी भुंगेरे सारखेच दिसतात. त्यातला कुणी मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खाणारा ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड असतो, कुणी पान खाणारा पानभुंगेरा.

दोघांतला फरक मिशीत आहे. ढालकिड्याची मिशी आखूड असते आणि टोकाला गदेसारखी जाड होते. डोक्याखाली दुमडून ठेवली तर वरून दिसतही नाही. पानभुंगेऱ्याची मिशी दोऱ्यासारखी, बरीच लांब, पेर न् पेर मोजता येईल अशी. दुसरा फरक पावलात. पानभुंगेऱ्याच्या पावलाला चार पेरं आहेत असं वाटतं, त्यातलं तिसरं बदामासारखं दुभंगलेलं असतं आणि त्याच्या खाचेत एक बारीक पेर लपलेलं असतं. ढालकिड्याच्या पावलाला तीनच पेरं आहेत असं वाटतं, कारण त्याचंही एक असंच लपलेलं. हे पाऊल बाजूने काढलेल्या फोटोतच दिसतं.

जमिनीवरच्या काळ्या भुंगेऱ्यांचंही तसंच. दगड उचलला की खाली पळणारा सहा-सात मिलिमीटरचा काळा किडा वरून पाहून कुठल्या कुळातला, हे सांगणं अवघड जातं. पण मागच्या पायाच्या पावलाची पेरं नीट आली असतील तर मोजा. पुढच्या दोन जोड्यांना पाच-पाच आणि मागच्या जोडीला चार असतील, तर तो बहुधा अंधारभुंगेऱ्यांच्या कुळातला, म्हणजे पिठात होणाऱ्या तांबड्या किड्याचा भाऊबंद. तिन्ही जोड्यांना पाच-पाच असतील तर वेगळी दिशा धरावी लागते, आणि शिकार करणाऱ्या भूभुंगेऱ्यांचा विचार आधी करावा. केवढ्याशा पेराने केवढा फरक पडतो!

म्हणून मी सगळ्यांना सांगतो : एकच भुंगेरा, पण फोटो निदान चार. एक वरून. एक बाजूने, कॅमेरा पानाच्या पातळीला आणून. एक समोरून, डोकं आणि मिशा येतील असा. एक पोटाचा. पोटाचा फोटो ऐकून लोक घाबरतात, पण तो सगळ्यात सोपा आहे. औषधाची किंवा मसाल्याची स्वच्छ पारदर्शक डबी घ्या, भुंगेरा हळूच आत घ्या, डबी आकाशाकडे धरा आणि तळातून फोटो काढा. तो चालत असतो, त्यामुळे पाय पसरलेले मिळतात, पावलं काचेला टेकलेली मिळतात. काम झालं की ज्या फांदीवरून घेतला तिथेच सोडायचा.

याला अपवाद आहे कासवभुंगेऱ्यांचा. बेशरमीच्या नाहीतर रताळ्याच्या पानावर चिकटलेले, कडेला पारदर्शक झालर असलेले हे किडे वरूनच ओळखतात, कारण झालरीवर गडद पट्टे किती आणि नेमके कुठे, हे बघायचं असतं. पाय तर झालरीखाली झाकलेलेच असतात. त्यांच्यातल्या काहींची सोनेरी झळाळी मात्र जिवंतपणीच दिसते, मेल्यावर ती जाते. त्यामुळे संग्रहातला नमुना विटकरी आणि तुमचा फोटो सोन्यासारखा, असं दिसलं तरी गोंधळू नका. १९१९ साली समरेंद्र मौलिक यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत या गटावर खंड लिहिला, तो टाचण्या टोचलेल्या नमुन्यांच्या आधाराने. आपल्याला आज जिवंत रंगाची नोंद करता येते.

ठिपके मोजून झालेली चूक

ही चूक माझी आहे आणि ती मी विसरलेलो नाही. आमच्या सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीत वांगी लावली होती. त्यांनी एका संध्याकाळी फोटो पाठवला : वांग्याचं पान, त्यावर केशरी भुंगेरा, पाठीवर काळ्या खुणा. मी चालत्या बसमध्ये फोटो पाहिला. वांगं म्हटल्यावर मनात आला तो वांग्याची पानं खाणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा, हेनोसेपिलाक्ना. मी लिहिलं, "काढून टाका, पानं खातील." काकूंनी एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकला. आठवड्याभरात वांग्याचे शेंडे माव्याने काळे पडले. मग मी गच्चीवर गेलो आणि उरलेला एक भुंगेरा पानाखाली सापडला. तो चेइलोमेनेस सेक्समॅक्युलाटा होता, मावा खाणारा, आपल्याकडचा अगदी नेहमीचा ढालकिडा. काकू एवढंच म्हणाल्या, "अरे, मग तेच तर आमचे राखणदार होते."

तो फोटो मी नंतर पुन्हा उघडला. उत्तर त्यातच होतं. पाठ आरशासारखी चमकत होती. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याची पाठ मंद असते, कारण तिच्यावर बारीक लव असते. तिरप्या उन्हात ती पिवळसर धुक्यासारखी दिसते. खुणाही सुटे ठिपके नव्हत्या, काळ्या नागमोडी रेषा होत्या. आणि पान शाबूत होतं. हेनोसेपिलाक्ना पानाचा हिरवा गर खरवडतो, शिरा आणि पातळ पापुद्रा ठेवतो, त्यामुळे पानाला जाळी पडते. मी ठिपक्यांकडे आणि झाडाच्या नावाकडे पाहिलं, पानाच्या अवस्थेकडे पाहिलंच नाही.

ठिपक्यांवर विसंबू नये याची आणखीही कारणं आहेत. चेइलोमेनेसच्याच पाठीवरच्या काळ्या रेषा कधी बारीक असतात, कधी इतक्या पसरलेल्या की भुंगेरा जवळपास काळा दिसतो, जात एकच. आणि कोषातून नुकताच बाहेर आलेला ढालकिडा फिकट पिवळा, बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत पाठ टणक होते, रंग भरतो, ठिपके उमटतात. भल्या सकाळी काढलेल्या "पिवळ्या, ठिपके नसलेल्या नवीन जाती"च्या फोटोंमध्ये शेजारी चिकटलेली रिकामी कोषकात दिसते का, ते आधी बघा. मात्र काकडी-दुधीच्या पानावर भुरी असेल आणि त्यावर पिवळे धमक, गोल, बिनठिपक्यांचे भुंगेरे फिरत असतील, तर ते खरोखरच तसे असू शकतात. इलाइस नावाचे हे ढालकिडे भुरीची बुरशीच खातात.

झाड अर्धं उत्तर देतं

भुंगेऱ्याचा फोटो इतका जवळून काढतात की मागे नुसता हिरवा रंग उरतो. कुठल्या झाडावर होता असं विचारलं की उत्तर येतं, "झुडूप होतं कसलंतरी." पान खाणारे बरेच भुंगेरे झाडाच्या बाबतीत भारी चोखंदळ असतात. भोपळ्या-काकडीच्या वेलावरचा केशरी-तांबडा म्हटलं की लाल भुंगेरा, ऑलाकोफोरा, आधी मनात येतो. रुईवरचा निळ्या-तांबूस झळाळीचा असेल तर प्लॅटिकोरिनस.

आणि पुण्यात ज्याचे फोटो सगळ्यात जास्त येतात तो काँग्रेस गवतावरचा. या गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. पुढे त्याला आवर घालण्यासाठी मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा हा पानभुंगेरा आणला गेला आणि १९८४ साली बंगळूरला तो मोकळा सोडला. आज पुण्याच्या मोकळ्या प्लॉटवर, कालव्याच्या कडेला, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर तो दिसू लागतो. सहाएक मिलिमीटरचा, दुधट पाठ, तिच्यावर तपकिरी वळणदार पट्टे, डोकं तपकिरी. घुमटाकार असल्याने लोक त्याला लेडीबर्ड म्हणतात, आणि पट्टे पाहून फोटोवरून नाव सुचवणारं ॲप कधी त्याला बटाट्यावरचा अमेरिकेतला भुंगेरा ठरवतं. तो भुंगेरा आपल्याकडे वसलेलाच नाही. फोटोत काँग्रेस गवताचं ते गाजरासारखं कातरलेलं पान आलं असतं तर हा घोळ झालाच नसता. म्हणून पाचवा फोटो झाडाचा : दोन पावलं मागे सरकून, पान आणि जमल्यास फूल येईल असा. झाडाचं नाव माहीत नसलं तरी चालेल, दुसरं कुणी ओळखेल.

तो काय करत होता तेही दोन शब्दांत लिहा. बोट नेलं आणि पिसवेसारखी उडी मारून नाहीसा झाला? मग पिसूभुंगेरा, त्याच्या मागच्या मांड्या फुगलेल्या असतात. पाय आखडून खाली पडला आणि निपचित राहिला? सोंडकिडे आणि बरेच पानभुंगेरे असं मेल्याचं सोंग करतात. पाठीवर उलटा पडल्यावर टक आवाज करून उसळला, तर बहुधा टिचकीभुंगेरा. हे कुठल्याच फोटोत येत नाही.

पडून हरवतो, यावर पुण्यातल्या पावसाळ्यात उपाय हातातच असतो. छत्री उलटी करून फांदीखाली धरा. फिकट रंगाची असेल तर उत्तमच. पडणारा त्यात पडतो आणि सापडतो.

फोन काय बिघडवतो

अगदी जवळ गेलं की बरेच फोन आपोआप दुसऱ्या, रुंद कोनाच्या लेन्सवर जातात. चित्र मोठं दिसतं, तपशील कमी होतो. थोडं मागे या, दुप्पट झूम करा आणि नंतर कापा. फोन चित्र "गुळगुळीत" करतो तेव्हा पाठीवरच्या सुईच्या टोकाएवढ्या खळग्यांच्या ओळीही पुसल्या जातात, आणि कितीतरी पानभुंगेऱ्यांमध्ये त्या ओळींवरच सगळं असतं. सौंदर्यवाढीची आणि रंग गडद करण्याची सगळी बटणं बंद ठेवा. फ्लॅश थेट पडला तर चकचकीत पाठीवर पांढरा डाग येतो आणि खालची खूण गिळतो. फ्लॅशपुढे बटर पेपरचा तुकडा धरला तर उजेड पसरतो. वाऱ्यावर पान हलत असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरा आणि फोन त्याच हातावर टेकवा, म्हणजे पान आणि कॅमेरा बरोबरच हलतात. मग फोन केसभर पुढे-मागे करत दहा-बारा फोटो घ्या. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर पट्टाच स्पष्ट येतो, त्यामुळे एकात डोळा नीट येईल, दुसऱ्यात पाऊल.

चॅटवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख, ठिकाणही बहुधा गळून पडतं. फाईल म्हणून पाठवा.

आकार : "छोटासा होता" म्हणजे किती?

माझ्या लेखी ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. शाळेच्या आलेख कागदाचा बोटभर तुकडा पाकिटात ठेवा. त्याचा बारीक चौकोन एक मिलिमीटरचा असतो. भुंगेऱ्याशेजारी धरून एक फोटो काढा. नाहीच जमलं तर निदान "तांदळाच्या दाण्याच्या निम्मा" असं लिहा. दोन मिलिमीटरचा काळा गोल आणि पाच मिलिमीटरचा काळा गोल फोटोत सारखेच दिसतात, पण पहिला असतो स्किम्नससारखा लव असलेला बारीक ढालकिडा, दुसरा वेगळाच कुणी.

सराव घरीच करा. तांदळात सोंडकिडा निघाला की आई डबा उन्हात ठेवते, त्याआधी दोन किडे बाजूला घ्या. तीनेक मिलिमीटरचा किडा, पुढे सोंड, तिच्यावर कोपरातून वाकलेली मिशी, पाठीवर चार फिकट तांबूस डाग. हे चारही एका फोटोत आणता आले की बाहेर काही अडत नाही. मुगातला भुंगेरा घ्या आणि मागून बघा : पंख पोटाच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, शेवटचं पेर उघडं राहतं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली खूण पुढे आपोआप दिसते.

एक सावधगिरी. पावसाळ्यात दिव्यावर येणारा लाल-काळा, मुंगीसारखा लांबट, आखूड पंखांचा पेडेरस आणि फुलांवरचे केशरी-काळ्या पट्ट्यांचे हिंगे हातात घेऊ नका, अंगावर चिरडू तर मुळीच नका. दोघांच्याही अंगातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. यांचे फोटो लांबूनच.

ॲपने दिलेलं नाव आणि थांबण्याची जागा

ॲप नाव सुचवतं ते त्याने पाहिलेल्या फोटोंवरून, आणि आपल्या छोट्या भुंगेऱ्यांचे नीट ओळखलेले फोटो मुळातच कमी आहेत. त्यामुळे सुचवलेली जात भारतात आढळते का, हे आधी तपासा. मग ते नाव ज्या खुणांवर टिकतं त्या तुमच्या फोटोत आहेत का, ते बघा. ॲपवर दोन जणांनी "बरोबर" म्हटलं म्हणजे ओळख पक्की झाली असं नाही. दोघांनीही तेच सुचवलेलं नाव दाबलेलं असू शकतं.

काही गटांत तर फोटो कितीही चांगला असला तरी जातीपर्यंत पोचता येत नाही. निळे पिसूभुंगेरे, बारीक ढालकिडे, वांग्यावरचे राखाडी मायलोसेरस सोंडकिडे यांच्यात अनेकदा नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. राखाडी सोंडकिड्याच्या अंगावरची खवल्यांची पूड झिजते, त्यामुळे जुना आणि नवा किडा दोन जातींसारखे दिसतात, हे वेगळंच. तिथे प्रजातीवर, म्हणजे पहिल्या नावावरच थांबा आणि तसं लिहा. आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रात काम करणाऱ्यांना नमुना लागतो तो याच कारणाने, ते उगाच आडमुठेपणा करत नाहीत. "मायलोसेरस, जात कळली नाही, वांगं, कोथरूड, १२ ऑगस्ट" ही नोंद उद्या कुणाच्या उपयोगी पडेल. घाईने चिकटवलेलं पूर्ण नाव मात्र तिथून दहा ठिकाणी पसरतं आणि मग पुसता येत नाही.

काकू आता पाच फोटो पाठवतात. गेल्या महिन्यात आले ते असे : वरून, बाजूने, डबीच्या तळातून, आलेख कागदाशेजारी आणि पान उलटून. शेवटच्यात माव्याच्या गर्दीत मगरीसारखी दिसणारी एक काळपट अळी होती, तोंडात हिरवा मावा. खाली लिहिलं होतं, "हीसुद्धा त्यांच्यातलीच ना? मी हात लावलेला नाही."